नांगरलेल्या शेतातली खापरं आणि आपली आडनावं

संपादकसाहेबांनी फोनवर विचारले, "निवृत्तीनंतर केंब्रिजला तुमचा वेळ जातो तरी कसा?" आम्ही म्हटलं, "चिखलात." ते हसले आणि म्हणाले, "मग त्यावरच लिहा. पण मुलांनाही कळेल असं लिहा." म्हणून हा लेख. आम्ही म्हणजे आमचे हे आणि त्यांची निवृत्त नर्स बायको. दोघांचीही वयं सत्तरीच्या पुढे. गुडघे मिळून चार, त्यातले दोन नवीन बसवलेले.

बाळांनो, केंब्रिज म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे मोठी कॉलेजं, नदीतल्या होड्या आणि सायकली येत असतील. ते सगळं आहेच. पण शहराबाहेर बसने थोडंसं गेलं की सपाट शेतं लागतात, गव्हाची, बार्लीची, बिटाची. या शेतांत दोन हजार वर्षांपूर्वीही माणसं राहत होती, आणि त्यांची फुटकी भांडी अजून तिथेच पडलेली आहेत. ती शोधून काढणारी हौशी लोकांची मंडळं इथे आहेत. हौशी म्हणजे कोणी पगार देत नाही, आणि सँडविच घरून न्यायचं. शिक्षक, प्लंबर, बँकेतले कारकून, आमच्यासारख्या नर्सा, सगळे असतात.

यातली सर्वांत जुनी संस्था म्हणजे केंब्रिज अँटिक्वेरियन सोसायटी, १८४० साली स्थापन झालेली. त्यांनी जमवलेल्या वस्तूंच्या आधारावर १८८४ साली विद्यापीठाचे पुरातत्त्व संग्रहालय उघडले. ते आता डाउनिंग स्ट्रीटवर आहे, कधी आलात तर जरूर पाहा. केंब्रिज आर्किऑलॉजी फील्ड ग्रुप हे दुसरं मंडळ, त्यांचा भर शेतं चालून पाहण्यावर. आम्ही जातो ते मंडळ या दोन्हींहून लहान, गावपातळीचं आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे आमच्या चुकाही सांगायच्या आहेत.

शेत चालणं म्हणजे काय ते सांगतो. पीक निघालं, नांगरणी झाली, एकदोन पाऊस पडून ढेकळं धुऊन निघाली, की शेतमालकाची परवानगी काढायची. मग काठ्या रोवून दहा किंवा वीस मीटरच्या अंतराने रेघा आखायच्या. एकेका रेघेवर एकेक माणूस, मान खाली, पाऊल सावकाश. दिसेल ते उचलायचं, खापर, कौलाचा तुकडा, हाडूक, गारगोटी, मातीच्या चिलमीची नळी. प्रत्येक टप्प्याची पिशवी वेगळी आणि पिशवीवर नंबर. खणायचं मात्र अजिबात नाही. पहिल्या दिवशी नोव्हेंबरचा वारा असा होता की आमचे हे म्हणाले, "यासाठी का मुंबई सोडली?" पण तासाभरात डोळे बसले. जन्मभर तांदळातले खडे निवडले त्याचा असा उपयोग होईल हे आमच्या आईला सांगितलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता.

हळूहळू खापरांची ओळख होते. लाल, गुळगुळीत, चकाकणारं असलं तर ते रोमन काळातलं, आज ज्याला फ्रान्स म्हणतात तिथून जहाजाने आलेलं. हाताला साबणासारखं लागलं आणि आत शिंपल्यांची चुरी दिसली, तर ते सेंट निओट्स जातीचं, साधारण एक हजार वर्षांपूर्वीचं. निळं-पांढरं नक्षीचं निघालं तर फार आनंद मानू नये, ती व्हिक्टोरिया राणीच्या वेळची बशी.

आम्हाला सुरुवातीला कोडं पडलं होतं, की जिथे कधी घरच नव्हतं अशा शेताच्या मधोमध भांड्यांचे तुकडे आले कुठून? उत्तर ऐकलं आणि हसू आलं. उकिरडा! भांडं फुटलं की तुकडे घरामागच्या उकिरड्यावर. शेण, राख, केरकचरा सगळं तिथेच कुजायचं, आणि पुढे तेच खत गाड्यांत भरून शेतात. शेण मातीत मिळून गेलं, खापर राहिलं. म्हणून विरळ खापरं सापडली तर ओळखायचं की इथे शेती होती, आणि एका जागी दाट सापडली तर इथे वस्ती होती. कोकणात आमच्या आजोळी हेच चाले. ज्यांनी उकिरडा पाहिला आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. इंग्रज बायकांना मात्र चित्र काढून दाखवावं लागलं.

आता चुकीची गोष्ट. गोळा केलेली खापरं टूथब्रश आणि साध्या पाण्याने धुऊन वर्तमानपत्रावर वाळत घालतात. धुण्याचं काम आमच्याकडे आलं, आणि तुम्ही जाणताच, नर्सच्या हाती ब्रश दिला की काय होतं. एका मोठ्या खापराच्या आतल्या बाजूला काळं जळकं काहीतरी धरलेलं होतं. आम्ही अर्धा तास घासून ते लख्ख केलं आणि अभिमानाने दाखवायला नेलं. मंडळाच्या बाई फार सभ्य. त्यांनी खापराकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "तेच तर त्यांचं जेवण होतं." भांड्याला धरलेली करप आणि भांड्याच्या अंगात मुरलेली चरबी तपासून त्यात दूध शिजत होतं, मांस शिजत होतं की कोबी, हे आता प्रयोगशाळेत सांगता येतं. म्हणजे आम्ही नमुना ओतून देऊन बाटली तेवढी स्वच्छ धुऊन लॅबला पाठवली होती! वॉर्डात एखाद्या शिकाऊ मुलीने असं केलं असतं तर आम्ही तिला काय बोललो असतो? त्या रात्री झोप लागली नाही. आता करप दिसली की आम्ही हात मागे बांधून उभे राहतो.

पण देवाच्या कृपेने पुढच्याच हंगामात अब्रू परत मिळाली. एका शेतातून काळपट, भोकाभोकांचा, जड दगडाचा तुकडा आला. सगळे तो फिरवून पाहत होते. आम्ही म्हटलं, "अहो, हे जातं!" जाणत्यांनी मान डोलावली. रोमन लोकांच्या वेळी ऱ्हाईन नदीकाठच्या ज्वालामुखीच्या दगडाची जाती या देशात येत असत. आपल्या सह्याद्रीचा काळा दगडही ज्वालामुखीचाच, म्हणून हाताला ओळखीचा वाटला असावा. मग आम्ही त्यावर बोट फिरवून सांगितलं, की या बघा रेघा, याला टाकी लावलेली आहे. टाकी म्हणजे काय हे त्यांना समजावताना आमची गल्ली डोळ्यांपुढे उभी राहिली. दुपारच्या वेळी ओरडत येणारी टाकीवाली, दारात बसून छिन्नी-हातोडीने पाट्याला आणि जात्याला पाडलेले ते बारीक खाचे, आणि टाकी लावल्यावर पहिलं दळण फेकून द्यावं लागे, कारण त्यात कच येई. ही शेवटची गोष्ट मंडळातल्या एका गृहस्थांनी वहीत लिहून घेतली. दगड झिजून गुळगुळीत झाला की दळण नीट होत नाही, मग तो दोन हजार वर्षांपूर्वीच्या केंब्रिजमध्ये असो की भायखळ्यात. आमची आजी दळताना ओव्या म्हणायची. ते जातं ओढणारी बाई काय म्हणत होती ते मात्र कोणत्याच पिशवीत सापडणार नाही.

मोठी उत्खननं हौशी लोकांना एकट्याने करता येत नाहीत. पण पगारी तज्ज्ञांबरोबर हाताखाली काम करता येतं. केंब्रिजच्या नैऋत्येला विंपोल नावाची नॅशनल ट्रस्टची मोठी इस्टेट आहे. तिथे नवीन वाहनतळ आणि स्वागतकक्ष बांधायचा होता, म्हणून २०१८ साली आधी जमीन खणून पाहिली. लोहयुगाच्या शेवटापासून रोमन काळापर्यंतची वस्ती निघाली, आणि धातूच्या सुमारे तीनशे वस्तू. त्यात एक फक्त पाच सेंटीमीटर उंचीची धातूची मूर्ती होती, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली. चेहरा झिजून गेलेला, हातात कडं. केल्ट लोकांचा सर्नुनोस नावाचा देव असावा असं जाणकारांचं मत आहे. आपला मूर्तीशी संबंध नाही. आम्हाला त्यात रस वाटला तो वेगळ्याच कारणाने. ही मूर्ती म्हणजे एका चपट्या पळीची मूठ होती, आणि तसली पळी औषध कालवायला किंवा लिहायच्या पाटीवरचं मेण सारखं करायला वापरत. औषध कालवायला! म्हणजे आमच्याच धंद्यातलं कोणीतरी तिथे राहत असेल. आमचे हे म्हणतात, पाटीवरचं मेण जास्त शक्य आहे. त्यांना काय कळतं?

सोन्याचांदीचं काही सापडलं तर काय, असं मुलं नेहमी विचारतात. १९९६ च्या कायद्याप्रमाणे तीनशे वर्षांहून जुना सोन्याचांदीचा ऐवज चौदा दिवसांत कॉरोनरला कळवावा लागतो. कॉरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी. आम्ही नोकरीत असताना त्याच्या कचेरीशी बोलायचो ते मेलेल्या माणसांबद्दल. गुप्तधनही त्याच्याच टेबलावर जातं हे निवृत्तीनंतर कळलं. आम्हाला आजवर सोनं सापडलेलं नाही. एक पेनी सापडली, ती १९६७ ची.

हौशी माणसाचा पाय कुठे घसरतो तेही सांगायला हवं. केंब्रिजच्या दक्षिणेला टेकड्या आहेत, त्यांचं नाव गॉग मॅगॉग. यहेज्केल नबीच्या पुस्तकातलं हे नाव इंग्लंडच्या टेकड्यांना कसं चिकटलं असेल, असं वाटून आम्ही पहिल्यांदा पाटी पाहिली तेव्हा बसमधून उतरायचेच विसरलो. तिथे वँडलबरी नावाचा लोहयुगातला गोल तटाचा किल्ला आहे. टेकडीवर खडूच्या पांढऱ्या मातीत कोरलेला राक्षस होता अशी जुनी दंतकथा. टी. सी. लेथब्रिज नावाचे गृहस्थ संग्रहालयात मानद काम करीत आणि अँटिक्वेरियन सोसायटीत त्यांचं वजन होतं. १९५४ पासून त्यांनी एक लोखंडी कांब जमिनीत खुपसून खुपसून कुठे माती मऊ लागते त्याच्या खुणा केल्या, आणि त्या खुणा जोडून मोठमोठ्या आकृत्या जाहीर केल्या, देवी, रथ, योद्धा. तज्ज्ञांनी पाहून सांगितलं की मऊ जागा निसर्गतःच तशा आहेत. लेथब्रिज रागावले आणि पुढे केंब्रिज सोडून गेले. आम्हाला त्यांची कीव येते. मनात चित्र आधी तयार असलं की कांब तिथेच मऊ लागते. आम्ही वॉर्डात हे डॉक्टरांच्या बाबतीत पुष्कळदा पाहिलं.

आता नातवाची गोष्ट. २००४ साली कॅरेन्झा लुइस या बाईंनी, ज्या 'टाइम टीम' या दूरदर्शन मालिकेत दिसायच्या, केंब्रिज विद्यापीठात गावकऱ्यांना आणि शाळेच्या मुलांना उत्खनन शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. पद्धत सोपी. आपल्या परसात एक मीटर लांब, एक मीटर रुंद असा चौकोन आखायचा. वरची हिरवळ सुरीने कापून बाजूला ठेवायची. मग दहा दहा सेंटीमीटरचा थर खणायचा आणि प्रत्येक बादली चाळणीतून चाळायची. प्रत्येक थराचा कागद वेगळा भरायचा, मातीचा रंग काय, काय निघालं, खणणाऱ्याचं नाव काय. संध्याकाळी खड्डा बुजवून हिरवळ परत लावायची. माणसं राहत असलेल्या गावाखाली काय आहे हे पाहण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

एका परसातून फारसं कळत नाही. पण पूर्व इंग्लंडमधल्या पन्नासहून अधिक गावांतले दोन हजार खड्डे एकत्र मांडले, तेव्हा २०१६ साली मोठी गोष्ट बाहेर आली. १३४८ साली या देशात प्लेग आला. त्याच्या आधीच्या काळातली खापरं आणि नंतरच्या काळातली खापरं मोजली, तर नंतर ती जवळजवळ ४५ टक्क्यांनी कमी झालेली. म्हणजे भांडी वापरणारी माणसंच उरली नव्हती. राजाच्या दफ्तरात गरिबांचे मृत्यू कोणी नीट लिहिले नव्हते, ते मुलांनी परसात मोजले. आम्ही हे ऐकलं तेव्हा १८९६ च्या मुंबईच्या प्लेगच्या गोष्टी आठवल्या, ज्या आमच्या आजीला तिच्या आईने सांगितलेल्या.

तर आमच्या मंडळाने अशाच पद्धतीने खड्डे घेतले तेव्हा अकरा वर्षांचा नातू आमच्याबरोबर आला. तिसऱ्या थरात त्याला एक हिरवट झिलईचं खापर सापडलं आणि त्याने ते गुपचूप खिशात घातलं. घरी कपडे धुताना निघालं. त्याला रागावलो नाही, पण समजावलं. बाळा, रक्ताच्या नमुन्यावर रोग्याचं नाव नसेल तर तो नमुना कितीही चांगला असला तरी फेकून द्यावा लागतो. खापराचं तसंच. कोणत्या खड्ड्यात, कितव्या थरात, कोणाला, हे लिहिलेलं नसेल तर तो नुसता मातीचा तुकडा. दुसऱ्या दिवशी त्याने ते परत नेऊन दिलं आणि आठवून थर सांगितला. मंडळाच्या बाईंनी कागदावर "नंतर आणले" अशी नोंद केली. बरोबरच केलं.

मग त्याने विचारलं, "आजी, आपलं लेबल काय?" आम्ही सांगितलं, आपलं आडनाव. वाचकहो, विचार करा. किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, अष्टमकर, तळकर. आपल्या पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं, सात जोडपी वाचली आणि कुलाबा जिल्ह्यातल्या गावागावांत पसरून तेलाचे घाणे चालवू लागली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ही हकिकत आणि आपल्या चालीरीती हाईम शमुवेल किहीमकरांनी १८९७ मध्ये पुस्तकात लिहून ठेवल्या. ते छापून निघालं १९३७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, तेल अवीवला. किहीमकर काही इतिहासाचे प्राध्यापक नव्हते, सरकारी नोकरी करून उरलेल्या वेळात गावोगाव विचारपूस करणारे हौशीच. आम्ही माझगावच्या ज्या शाळेत मराठी शिकलो, ती सर एली कदूरी शाळाही त्यांनीच १८७५ मध्ये लावलेलं रोप. त्यांच्या आडनावातच सापडल्या जागेचं नाव लिहिलेलं होतं.

केंब्रिजमध्येही असंच एक लेबल आहे. सेंट जॉन्स कॉलेजच्या समोर एक लहान बाग आहे. तिथे पूर्वी चर्च होतं, त्याचं नाव 'ऑल सेंट्स इन द ज्यूरी', म्हणजे यहुद्यांच्या आळीतलं. ते १८६५ मध्ये पाडलं. यहुद्यांना तर या गावातून १२७५ सालीच घालवून दिलं होतं, आणि १२९० मध्ये साऱ्या देशातून. आळीतली माणसं गेल्यावर सहाशे वर्षं लोक त्या चर्चला त्यांच्याच नावाने हाक मारत होते.

आणि आमचं? १९७० च्या दशकात आम्ही इथे एका इस्पितळात रुजू झालो तेव्हा नावाचा बिल्ला करणाऱ्या बाईला आमचं आडनाव लांब वाटलं. तिने अर्धं कापून दोन अक्षरं ठेवली. आम्ही काही बोललो नाही. नवीन देश, नवीन नोकरी, कशाला वाद? मग पगारपत्रकावर तेच, मग पासपोर्टवर तेच, मग मुलाच्या जन्मदाखल्यावर तेच. कोणी जबरदस्ती केली नव्हती. शेतातून उचललेल्या पिशवीवरचा नंबर आम्ही स्वतःच पुसला. नातवाला हे सांगताना आमचे हे उठून बागेत गेले. पुढच्या खड्ड्याच्या कागदावर, खणणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात, नातवाने पूर्ण आडनाव लिहिलं. स्पेलिंग चुकलं होतं, आम्ही तसंच राहू दिलं.

त्यानंतर आम्ही माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. मंडळाच्या दोघी मैत्रिणी चहाला आल्या होत्या, त्यांना भांडी दाखवली. आपल्याकडे भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून देतात ते पाहून त्या थक्क झाल्या. कोणी, कोणाला, कधी, सगळं भांड्यावरच. त्यांनी केंब्रिजच्या विद्यापीठ ग्रंथालयातल्या कैरोच्या गनीझाचा विषय काढला. १८९७ मध्ये सॉलोमन शेक्टर यांनी आणलेले ते जुन्या सिनेगॉगमधले कागद, आता मोजदाद एक लाख नव्वद हजारांच्या वर. त्यात बाराव्या शतकातल्या अब्राहाम बेन यिजू या यहुदी व्यापाऱ्याचे कागद आहेत. तो मंगळूरला राहत होता आणि पितळेचा कारखाना चालवी. एडनचे व्यापारी फुटकी भांडी त्याच्याकडे नवी करायला पाठवीत आणि कोणतं भांडं किती वजनाचं, कसं हवं, ते पत्रात लिहीत.

आमच्या ट्रंकेत एक भांडं मात्र बिननावाचं निघालं. तांब्याचं, साधारण वीतभर उंच, बूड सपाट, गळा अरुंद, एका बाजूला तोटी, आतून कल्हई उडालेली, तोटीखाली पितळेचं ठिगळ. तोटीच्या मुळाशी सहा टोकांची एक लहानशी खूण ठोकलेली आहे, ती तारा असेल किंवा नुसती कासाराची खूण असेल. आई म्हणायची, हे रोह्याकडून आलं. कोणाकडून, कधी, शब्बाथच्या किद्दुशसाठी शरबत ओतायला की हात धुवायला, तिने सांगितलं होतं, पण आमचं तेव्हा लक्ष नव्हतं. परीक्षा होती. ज्यांना विचारावं ती सगळी आता गेली. आम्ही ते घासलेलं नाही.

अशा घडणीचं भांडं कोणाच्या घरी असल्यास किंवा रोहा-अष्टमीकडे पाहिलेलं आठवत असल्यास कृपया संपादकांच्या पत्त्यावर कळवावे. आठवण अर्धवट असली तरी चालेल. कोणाकडून ऐकली तेवढं मात्र जरूर लिहावे.